बाईंचा मरून गॉगल

बसस्थानकावरच्या बाईंचा आवाज अख्ख्या शहराच्या ओळखीचा होता. सत्तावीस वर्षं त्या फलाटांसमोरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून कुठली गाडी कुठे लागली आहे ते माइकवर सांगत आल्या होत्या. पावणेनऊची गाडी चुकलेल्यांनी त्यांना शिव्या दिल्या असतील, पण त्या आवाजावर कुणी अविश्वास दाखवला नव्हता.

मग एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभराच्या रजेनंतर कामावर जायला डॉक्टरांनी परवानगी दिली, पण आणखी काही आठवडे उन्हात गॉगल हवाच म्हणाले. बाईंची केबिन पूर्वेला तोंड करून होती. सकाळी तिथे एवढं ऊन यायचं की टेबलावर पापड वाळवता आले असते.

दवाखान्याने दिलेला गॉगल काळा, दोन्ही बाजूंनी झापडं असलेला. तो घालून त्या रुजू व्हायची तारीख सांगायला स्थानकावर गेल्या, तर साहेबांनी आधी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीपर्यंत नेलं.

"साहेब, मला दिसतंय," बाई म्हणाल्या.

"असेल हो. पण प्रवाशांना काय वाटेल? आंधळ्या बाई गाड्या सांगतायत म्हणतील." साहेब नवे होते आणि त्यांच्याकडे आवाज रेकॉर्ड केलेलं एक यंत्र येऊन पडलं होतं. "असं करू. सोमवारी मी स्वतः फलाटावर उभा राहून ऐकतो. नीट जमलं तर उत्तम. नाहीतर मंगळवारपासून यंत्र लावू आणि तुम्हाला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवू. तिथे ऊन अजिबात येत नाही."

निवृत्तीला चार वर्षं होती. चार वर्षं बेवारशी छत्र्यांशी गप्पा मारायच्या, या विचाराने बाईंना रस्त्यातच रडू आलं आणि त्या गॉगलच्या आड ते कुणाला दिसलं नाही, एवढाच काय तो त्या गॉगलचा उपयोग.

घरी नवरा होता. सगळी गल्ली त्यांना सेकंदकाका म्हणायची. आयुष्यभर त्यांनी काट्यांची घड्याळं दुरुस्त केली, पण लोक मोबाइलमध्ये वेळ बघायला लागले आणि दोन वर्षांपूर्वी दुकानाला टाळं लागलं. तेव्हापासून मोबाइल, टीव्ही, जे जे म्हणून चकाकतं त्याच्याशी काकांनी उभा दावा मांडला होता. हातांना मात्र काम हवं होतं, म्हणून ते घरातल्या वस्तू दुरुस्त करत. त्यांनी दुरुस्त केल्यापासून पंखा फक्त पाचवर फिरायचा. मिक्सरचं झाकण एकदा थेट माळ्यावर जाऊन बसलं. काका पेचकस घेऊन उठले की बाई आतूनच ओरडायच्या, "अहो, हात लावू नका." दोन वर्षांत नवऱ्याशी त्या दुसरं काही बोलल्या असतील तर ते "जेवायला या" एवढंच.

त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःहून दवाखान्याचा गॉगल काकांपुढे ठेवला. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

"हा असा नकोय मला," त्या म्हणाल्या. "माणसात बसण्यासारखा करून द्या. सोमवारच्या आत."

काकांनी उठून टेबलावर पांढरा कपडा अंथरला, दुकानात अंथरायचे तसा.

दवाखान्याच्या फ्रेमला हात न लावता त्यांनी आपला तरुणपणीचा, बिननंबरी गोल काचांचा चष्मा काढला. आधी त्याला दाराचा उरलेला हिरवा ऑइलपेंट दिला. तो दोन दिवसांनीही वाळेना. काकांची बोटं हिरवी झाली, मिशी हिरवी झाली, आणि वर्तमानपत्राचं एक पान फ्रेमला असं चिकटलं की उजव्या डोळ्यावर हवामानाचा अंदाज वाचता येत होता. सगळं घासून काढून त्यांनी सूनबाईंची मरून नेलपॉलिश मागून घेतली. तिचे पातळ तीन हात दिले आणि दांड्यांवर सुईच्या टोकाने पांढरे ठिपके काढले, घड्याळाच्या तबकडीवर मिनिटांचे असतात तसे. मोजून साठ.

काचांसाठी ते शेजारच्या फोटोग्राफरकडे गेले. त्याच्या बंद पडलेल्या स्टुडिओत फोटोतली चकाकी घालवणारी एक काळपट फिल्म होती. तिचे दोन गोल काकांनी कापले, काचांवर बसवले आणि शास्त्रशुद्ध चाचण्या घेतल्या. ओल्या फरशीकडे बघितलं, चकाकी गायब. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याकडे बघितलं, थेट तळातलं शेवाळ दिसलं. मोटारीच्या काचेतून आत झोपलेला ड्रायव्हरही दिसला. शेवटी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, सेकंदकाटा स्वच्छ. डॉक्टरांनाही दाखवून आणला, ते चालेल म्हणाले. राहिली फक्त एक वस्तू, पण तसलं काही बघण्याचं काकांच्या मनातही आलं नाही.

सोमवारी बाई मरून गॉगल लावून केबिनमध्ये बसल्या. समोर फलाटावर साहेब हाताची घडी घालून उभे होते. बाईंनी माइक पुढे ओढला, टेबलावरच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. स्क्रीन काळी ठिक्कर होती.

त्यांनी बटण दाबलं. वायर हलवली. गॉगल वर केला तर स्क्रीनवर गाड्यांची सगळी यादी झळकत होती, पण उन्हाने डोळ्यात सुया टोचल्या. गॉगल खाली, पुन्हा काळोख. म्हणजे डोळा ठीक, स्क्रीन ठीक, आणि नवऱ्याने केलेली वस्तू नेहमीसारखी. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला म्हणून त्या मनात स्वतःवरच चरफडल्या.

साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. आता काहीतरी बोलणं भाग होतं. बाईंनी मान वर केली आणि पहिल्यांदाच नीट बाहेर पाहिलं.

सत्तावीस वर्षं त्या केबिनच्या काचेवर आणि गाड्यांच्या काचांवर सकाळचं ऊन नुसतं भडकलेलं असायचं, त्यामुळे बाई स्क्रीनवरचं वाचून सांगत. स्क्रीनच्या आधी छापील तक्ता होता, तेव्हा तक्त्यावरचं. आणि तक्त्यात गाडी जिथे असायला हवी तिथे असते, प्रत्यक्षात मात्र ती ड्रायव्हरला जागा मिळेल तिथे असते. आज चकाकी नव्हती. प्रत्येक गाडीच्या काचेमागची पाटी त्यांना अक्षर न् अक्षर दिसत होती. चौथ्या फलाटावर लागणारी कापड गिरणीची गाडी सहाव्यावर निवांत उभी होती, आणि चौथ्यावर तिच्यासाठी साठेक माणसं ताटकळत होती.

"कापड गिरणीला जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावं," बाई म्हणाल्या. "तुमची गाडी फलाट क्रमांक सहावर उभी आहे. ड्रायव्हरसाहेब, चहा संपवा आणि गाडीत बसा."

सहाव्या फलाटावर एका माणसाने घाईघाईने कप खाली ठेवला.

मग बाई थांबल्याच नाहीत. जुना पूल तिसऱ्यावर, बाजारपेठ दुसऱ्यावर, आणि न्यायालयाची पाटी लावलेली गाडी मेकॅनिकला बसवून खरं तर गॅरेजला निघाली आहे, तिच्यात कुणी चढू नये. वेळ बाई केबिनच्या भिंतीवरच्या काट्यांच्या घड्याळात बघत होत्या.

दहा वाजता साहेब केबिनमध्ये आले. "बाई, आज शेवटच्या क्षणी माणसं इकडून तिकडे धावली नाहीत. आणि गाड्या सांगताना तुम्ही एकदाही स्क्रीनकडे बघितलं नाहीत."

खोटं बोलावं असं बाईंना क्षणभर वाटलं, पण ते त्यांच्या आवाजाला जमलं नसतं. "दिसतच नव्हती, साहेब. या गॉगलमधून स्क्रीन काळी दिसते. जे समोर होतं ते सांगितलं."

साहेबांनी गॉगल लावून आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग बराच वेळ बाहेर. "यंत्र स्क्रीनवरचंच बोलणार," ते स्वतःशीच म्हणाले. "हरवलेल्या सामानाच्या खोलीत मी यंत्र ठेवतो. तुम्ही बसा इथेच."

दुपारी सेकंदकाका डबा घेऊन आले. बाईंनी झाला प्रकार सांगायला सुरुवात केली आणि स्क्रीन काळी दिसली एवढं ऐकूनच काकांचा चेहरा उतरला. त्यांनी गॉगल हातात घेऊन स्क्रीनसमोर हळूहळू फिरवून पाहिला. काळी, मग उजळ, मग परत काळी.

"चूक माझी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "स्क्रीनवर बघायचं सुचलंच नाही. ही फिल्म एकाच दिशेचा उजेड आत सोडते, स्क्रीनचा नेमका दुसऱ्या दिशेचा. फिल्मला पाव वळसा दिला की दिसेल. दोन मिनिटांचं काम आहे." खिशातून त्यांनी दुकानातला बारका पेचकस काढला.

"आणि बाहेरच्या पाट्या?"

"त्या मग पहिल्यासारख्या चमकतील."

बाईंनी त्यांच्या हातातून गॉगल घेतला, पदराने पुसला आणि नाकावर चढवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "हात लावू नका."

काकांनी हे वाक्य हजार वेळा ऐकलं होतं. आज ते ऐकून त्यांनी पेचकस खिशात ठेवला आणि उगाचच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. डोळे भरून आले होते आणि त्यांच्याकडे गॉगल नव्हता.