गाळलेली जोडी

केतकर सरांना पहिल्याच पानावर संशय आला, आणि संशय आला की सरांची कळी खुलत असे.

त्यांच्या कोथरूडच्या क्लासमध्ये नव्यानेच आलेल्या निकिता साळवेने विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प सहीसाठी ठेवला होता. ‘हे काम विद्यार्थिनीचे स्वतःचे आहे’ या ओळीखाली सरांची सही झाली तर पोरगी पुढच्या फेरीत जाणार, नाहीतर बसणार घरी. विषय होता असे वर्ग, की ज्यांचे अंक फिरवून मांडले तर दुसराच वर्ग तयार होतो. १४४ चे ४४१. १६९ चे १९६ आणि ९६१. २५६ चे ६२५. आणि मग एकदम १०८९ चे ९८०१.

सर खुर्चीत ताठ बसले. बत्तीसचा वर्ग १०२४, एकोणपन्नासचा २४०१. चार अंकांतली ही पहिलीच जोडी, आणि नेमकी तीच गायब!

हीच यादी १९७९ साली कॉलेजच्या वार्षिकात अनिरुद्ध केतकर या नावाने छापून आली होती. तिच्यातही हीच जोडी नव्हती. कुणीतरी खवचटपणे ते दाखवून दिलं, तेव्हा सरांनी छापखान्यावर खापर फोडलं होतं. पण त्या लेखाने त्यांचं नाव झालं आणि त्या नावावर हा क्लास उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निकिताला सगळ्यांदेखत उभं केलं.

“या, साळवेबाई. जुनी वार्षिकं चाळायचा छंद दिसतोय आपल्याला.”

“नाही सर.”

“मग छापखान्याची चूकसुद्धा स्वतःच शोधून काढलीत? कमाल आहे. अहो, उचलणाऱ्याने निदान पडताळून तरी पाहावं!”

वर्गात खसखस पिकली. पोरगी आता रडणार, असं सरांना वाटलं. तिने शांतपणे पान उलटलं.

“माझं काम इथून पुढे आहे, सर. पाच अंकांपासून. पहिलं पान आजीचं.”

तिने सॅकमधून पुठ्ठा निखळलेली एक वही काढली. पिवळ्या पानावर तीच यादी होती आणि समासात बारीक, उभट अक्षर: ‘१०२४, २४०१ मुद्दाम गाळले होते. केतकरने वही मागितली होती. भरवसा वाटला नव्हता.’

कॉलेजातल्या एका मुलीकडून दोन दिवसांसाठी म्हणून ही वही नेली होती त्यांनी. त्यांनी ती परत केली, तेव्हा ती मुलगी नुसती हसली होती. त्या हसण्याची लाज त्यांना आज, पंचेचाळीस वर्षांनी वाटली.

“तेव्हा... तेव्हा बोलली का नाही ती?”

“कुणी ऐकलं नसतं, म्हणते.” निकिताने पहिलं पान पुन्हा समोर सरकवलं. “तिचं नाव इथे तुम्हीच घालायचं, सर. नाही घातलंत तर प्रकल्प परत आण, म्हणाली.”

नाकारायला वाव होता. वहीवर ना नाव होतं, ना सही. सरांनी पेनचं टोपण काढलं, यादीच्या वर ‘मुक्ता’ असं लिहिलं आणि ते थांबले.

“आडनाव साळवे घालू,” त्यांनी हळूच विचारलं, “की ओव्हाळ?”

निकिता त्यांच्याकडे बघतच राहिली. आजीचं नाव तिने अजून सांगितलंच नव्हतं.