चंपतचा पाळणा आणि जऊळक्याची पंगत

अगदी कच्चा शिष्य परवडतो, पुरता तयार झालेलाही परवडतो. अधलामधला मात्र डोक्याला ताप. आमचा चंपत तसला.

वाशीमच्या माझ्या बँडात बाकी सगळे फुंकणारे, नाहीतर बडवणारे. एकटा चंपत डबल बास वाजवायचा. डबल बास म्हणजे माणसाहून उंच सारंगी. उभ्यानं कवटाळायची आणि गजानं घासायची. भुसावळच्या साहेबांच्या क्लबात मी ती शिकलो होतो. साहेब विलायतेला गेले आणि ती माझ्या गळ्यात पडली. माझ्या खोलीत मावेना, म्हणून चंपतच्या घरी ठेवली. चंपत वांगी पिकवणारा माळी, पण त्या सारंगीवर त्याचा भारी जीव.

एक दिवस शिकवणी चालू असताना त्याची बायको गोजराबाई दारात उभी राहिली.

"मास्तर, मुंगूस माह्या कोंबड्या नेऊन राह्यलं. मी या सारंगीच्या पेटाऱ्यात कोंबड्या कोंडीन. हवेले भोकं हायेतच."

चंपतच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "गोजराबाई, ही कला हाय."

"मंग जऊळका गावच्या लग्नाची सुपारी हाय नं तुमच्या बँडाले, तिथं ह्यायले एकट्यानं वाजवू द्या. आयकनाऱ्यातलं एकबी माणूस मधातून उठलं, का कोंबड्या आत."

आता एकट्यानं वाजवायचं तर काय? लावणी बसवून पाहिली. जाड तारांवर ती अशी वाजली, की गोठ्यातली म्हैस दावं तोडू लागली. नाटकातलं पद घेतलं, तर तानेसाठी डावा हात पार खाली वाद्याच्या पोटापर्यंत न्यावा लागे, आणि तिथे गेलेला चंपतचा हात परत येताना रस्ता चुके. साहेबांची एक चाल त्याला अगदी जमण्यासारखी होती. पण ती संपली हे जऊळक्यात कोणाला कळणार?

शेवटी मी पाळणा निवडला. सूर मोजके, गज लांब, आणि हात हलवायला मध्ये भरपूर सवड. लग्नात पाळणा म्हणजे आशीर्वादच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

माझी खरी हुशारी वेळ निवडण्यात होती. मी पंगतीची वेळ निवडली. वाढल्या पानावरून कोणी उठत नाही, आणि सगळ्यांना वाढून जयजयकार झाल्याशिवाय कोणी घासही उचलत नाही. श्रोते आयते बांधलेले. चंपतला बजावलं, "वाढनं संपेपर्यंत थांबू नको. आन् डोये मिटून वाजव, लोकायकडे पाहू नको."

एक गोष्ट मी विसरलो. आमच्याकडे बँड वाजला की सगळ्यांचे पाय आपोआप तालावर पडतात. वाढपीही सकाळपासून वरातीत नाचलेले.

चंपतनं पाळणा सुरू केला आणि वाढपी झुलायला लागले. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. वरणाची बादली डावीकडे, मग उजवीकडे. पहिल्या पानावर मीठ पडलं, आणि दुसऱ्या पानापर्यंत पोचायला अख्खं कडवं लागलं. वाढणं संपल्याशिवाय हा थांबणार नाही, आणि हा थांबल्याशिवाय वाढणं संपणार नाही, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा भाजी निम्म्या पंगतीतही पोचली नव्हती. मी हातवारे केले. चंपतचे डोळे मिटलेले. माझीच शिकवण.

नवरदेवाचा आजा बसल्या बसल्या घोरू लागला. बाकीची मंडळी भुकेनं तांब्यामागून तांब्या पाणी रिचवत होती. पण उठलं कोणी नाही.

बायकांच्या पंगतीत गोजराबाईचा पारा चढला. नवऱ्याच्या हातातला गज हिसकायला ती अर्धवट उठली. पण शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी तिला लुगड्याला धरून खाली बसवलं. "वाढल्या पानावरून उठू नाई, बाई."

अखेर शेवटच्या पानावर बुंदी पडली, चंपत थांबला, आणि लोकांनी असा जयजयकार केला की आजा दचकून जागा झाला. पाण्यानं पोटं आधीच टम्म झालेली. बुंदी कोणाला जाईना. नवरीचा बाप पुंजाजी बुंदीच्या उरलेल्या पातेल्यांकडे पाहत चंपतच्या गळ्यात पडला.

परतीच्या बैलगाडीत आम्ही दोघे जीव मुठीत धरून बसलो. वाशीम जवळ आल्यावर गोजराबाई नवऱ्याला म्हणाली, "दिवायीले तुमच्या बहिनी येतीन, लेकराबाळायसंगट. तवा पान वाढतानी हेच वाजवा."

चंपत हसला. मीही सुटकेचा निःश्वास टाकून विचारलं, "आन् कोंबड्यायचं काय?"

"तुमच्या खोलीत हे धूड मावत नाही नं, मास्तर? कोंबड्या मावतीन."

तेव्हापासून चंपतचा पुढचा धडा मी कोंबड्यांसमोर गुणगुणून निवडतो. त्या मात्र मधातूनच उठून जातात.