खोलगट बैठक

जुहूच्या किनाऱ्यावरच्या सबनिसांच्या बंगल्याचं काम मिळालं, तेव्हा रुचिरा तावडेच्या घाटकोपरच्या ऑफिसात तिच्या वडिलांनी स्वतः येऊन पेढे वाटले. बारा वर्षं ती लोकांच्या वन-बीएचकेमध्ये भिंतीतली कपाटं आणि घडीचे पलंग बसवत आली होती. आता एकदम तीन मजले, समोर अथांग पाणी आणि "तुला हवं ते कर" म्हणणारा मालक, धवल सबनीस.

तिने जीव ओतून काढलेली गोष्ट म्हणजे तळमजल्यावरची बैठक. चाळीस फूट लांब दिवाणखाना, समुद्राकडची अख्खी बाजू काचेची. मधोमध तीन पायऱ्या खाली उतरायच्या आणि तिथे गोलाकार बसायचं. सोफ्यांच्या पाठी मध्ये येत नाहीत आणि घरात शिरल्या शिरल्या नजर थेट पाण्यावर जाते. धवल त्या चित्रावर इतका खूश झाला की त्याने ते मोबाइलवर जपून ठेवलं आणि भेटेल त्याला दाखवत सुटला. येत्या सोमवारी तिथलं खोदकाम सुरू होणार होतं.

धवलची आई, शुभाताई, दर मंगळवारी साइटवर यायच्या. वय एकाहत्तर, कडक इस्त्रीची कॉटनची साडी, पायात कॅनव्हासचे बूट. नवऱ्याबरोबर त्यांनी अंधेरीच्या एमआयडीसीत औषधांचा कारखाना उभा केला होता. नवरा गेल्यावर नऊ वर्षं तो एकटीने चालवला आणि मग मुलाच्या हाती दिला. रुचिराचं ड्रॉइंग हातात घेऊन कोपऱ्यातली बारीक मापंसुद्धा त्या चष्म्याशिवाय वाचायच्या.

"ह्या दाराची रुंदी तीन फूट का? साडेतीन कर," असं काहीतरी सांगायच्या, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं.

त्या मंगळवारीही त्यांनी ड्रॉइंग वाचलं, घडी घातली, दोन पावलं टाकली आणि शेजारीच ठेवलेल्या सिमेंटच्या गोण्यांवर आदळल्या. रुचिराने धरलं म्हणून पडल्या नाहीत.

"उन्हातून आत आले ना, म्हणून," त्या म्हणाल्या.

पण उन्हातून येऊन त्यांना अर्धा तास झाला होता. रुचिराने मग नीट पाहिलं. भिंतीजवळून जाताना शुभाताईंची दोन बोटं भिंतीला टेकलेली असायची. कोणी बाजूने बोललं तर त्या डोळे न वळवता सगळी मान वळवायच्या.

मजूर जेवायला गेले तेव्हा तिने सरळ विचारलं, "काकू, तुम्हाला बाजूचं दिसत नाही ना?"

शुभाताई उलट्या बादलीवर बसत म्हणाल्या, "काचबिंदू. दोन नळ्यांतून बघावं तसं दिसतं. समोरचं अक्षर दिसतं, पायाखालची पायरी दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. ते किती दिवस राहील, त्यांनाही माहीत नाही."

"धवलना ठाऊक आहे?"

"डोळ्यांत थेंब घालते, एवढं ठाऊक आहे. बाकी नाही, आणि तूही सांगायचं नाहीस." त्यांचा आवाज एकदम कारखान्यातला झाला. "माझ्या थोरल्या बहिणीला हेच झालं होतं. मुलं चांगली होती गं तिची, फार प्रेमळ. तिला खुर्चीत बसवलं आणि अकरा वर्षं उठू दिलं नाही. पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून द्यायचे. शेवटी शेवटी ती बोलायचीही बंद झाली. मला ते नकोय. तू त्या तीन पायऱ्या काढ. कारण सांग काहीतरी. समुद्राची ओल येते म्हण."

"ओल येणार नाहीये, काकू. मी खोटं कारण देणार नाही."

"मग?"

"ड्रॉइंग मी बदलते. माझं घर तुम्हाला पाडणार असेल तर ते ड्रॉइंगच चुकलंय. पण धवलना सांगायचं तुम्ही. पुढच्या मंगळवारपर्यंत."

"मला मुदत देतेस?" शुभाताई ताडकन उठल्या. रतन ड्रायव्हरला हाक मारली आणि निरोपही न घेता गेल्या.

रुचिराने घरी जाऊन ते गोल बैठकीचं ड्रॉइंग काढून समोर ठेवलं. रडू आलं नाही, पण बराच वेळ ते खोडायला हात होईना. असं काम तिला पुन्हा मिळेल न मिळेल. मग तिने त्यावर नवा ट्रेसिंग कागद चढवला.

दुसऱ्या दिवशी ती आणि भाऊराव मिस्त्री रिकाम्या दिवाणखान्यात रंगाच्या डब्यांवर, फळ्यांवर, विटांवर बसून बघत होते, की सपाट जमिनीवर किती उंचीवर बसलं म्हणजे मागच्या माणसाचा समुद्र अडत नाही. भाऊराव गोवंडीहून यायचे. चाळीस वर्षं लाकडात घालवलेला माणूस, पण असं बूड टेकत फिरायचं काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

"ताई, पंधरा इंच," ते शेवटी म्हणाले. "आणि पाठ नको. पाठ ठेवायची तर भिंतीकडच्या सोफ्यांना."

हळूहळू कागदावर नवं घर जमू लागलं. मधे बिनपाठीचे बुटके दिवाण. शुभाताईंच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून समुद्राकडच्या दारापर्यंत चार फुटी मोकळी वाट, पांढऱ्या संगमरवरात काळ्या दगडाच्या पट्टीने आखलेली. भिंतीला कमरेच्या उंचीवर सागवानी कठडा, बाहेरून नुसती नक्षी वाटावी असा. प्रत्येक दाराआधी कठड्याच्या खालच्या अंगाला खाचा करायचं भाऊरावांनीच सुचवलं. स्वयंपाकघराला एक, न्हाणीघराला दोन, समुद्राच्या दाराला तीन. जिन्याच्या पारदर्शक काचेच्या जागी लाकडी गज आले.

सोमवारी धवल साइटवर आला, तर खोदकामाचा पत्ता नाही.

"काम का थांबलंय?"

"खोलगट बैठक मी रद्द करतेय," रुचिरा म्हणाली. "तिथे सपाट जमीन राहील. हे नवं ड्रॉइंग."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या. जुनं चुकलं होतं."

"काय चुकलं होतं? सहा आठवडे तूच मला त्याचं कौतुक सांगत होतीस ना?" धवलने नवा कागद उघडलाही नाही. "रुचिरा, घर माझं आहे. उद्या जुनं ड्रॉइंग इथे नसेल तर मी दुसरं माणूस बघतो."

तिच्या जिभेवर खरं कारण आलं होतं. तिने ते गिळलं. "उद्या अकरा वाजता या," ती म्हणाली. "काकूही असतील. त्यानंतर मला काढायचं असेल तर काढा. पण मी असेपर्यंत इथे खड्डा पडणार नाही."

शुभाताई येतील की नाही, हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. तरी भाऊरावांनी सकाळपासून खपून पंधरा फुटांचा कठडा तात्पुरता भिंतीला ठोकला आणि रुचिराने जमिनीवर काळी टेप चिकटवून वाट आखली.

अकराला पाच मिनिटं असताना शुभाताई आल्या. पाठोपाठ धवल आणि त्याची बायको ऋता. शुभाताईंनी कठड्यावर हात ठेवला, चालू लागल्या. पहिल्या खाचेशी बोटं थांबली. त्यांनी ती दोनदा चाचपली आणि विचारलं, "हे काय?"

"स्वयंपाकघर," रुचिरा म्हणाली. "तीन लागल्या की समुद्राचं दार."

शुभाताई तीन खाचांपर्यंत गेल्या, वळल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "धवल, मला समोरचं सोडून काही दिसत नाही. अडीच वर्षं झाली. पुढे तेही जाईल."

धवलचा चेहरा उतरला. "अडीच वर्षं? आई, आम्हाला..." तो पुढे झाला, तिचा हात कठड्यावरून काढून आपल्या हातात घेतला. "मग खाली राहायचं कशाला? वरची मोठी खोली तुला देतो, लिफ्ट आहेच. दोन नर्सेस ठेवू. तुला जागचं हलायलाही लागणार नाही."

"बघ," शुभाताई म्हणाल्या, "एक मिनिटसुद्धा लागलं नाही तुला."

धवलला कळेना. ऋताला कळलं. शुभाताईंच्या बहिणीच्या घरी ती लग्नानंतर नमस्काराला गेली होती. ती खुर्ची तिने पाहिली होती. "धवल," ती हळूच म्हणाली, "हात सोड ना आईंचा."

त्याने सोडला. शुभाताईंनी पुन्हा कठडा धरला. "मी तळमजल्यावर राहणार. माझा चहा मी करणार. पडले तर पडेन, पण माझ्या पायांनी पडेन. ही मुलगी मला ते घर बांधून देतेय, आणि तू तिला काढायला निघालास."

धवल विटांच्या चळतीवर बसला. भाऊराव उगाच करवत पुसत राहिले. मग धवलने हात पुढे केला, "ते ड्रॉइंग दे." आणि पंधरा मिनिटं वाचून विचारलं, "गॅसजवळ काय केलंयस? तिथे हिला कळणार कसं?"

तिथून पुढे तो रुचिराच्या डोक्यावरच बसला. दर आठवड्याला नवीन शंका. सकाळच्या थेंबांसाठी एक बाई ठेवायचीच, हा हट्ट त्याने सोडला नाही आणि शुभाताईंनी तो कुरकुरत मानला.

दहा महिन्यांनी घर पूर्ण झालं. फोटो काढायला आलेला माणूस म्हणाला की मधे जरा रिकामं वाटतं. रुचिराने ऐकून घेतलं. तोवर शुभाताईंची नजर आणखी आवळली होती. वर्तमानपत्र त्यांना आता ऋता वाचून दाखवायची.

वास्तुशांतीच्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. शुभाताई कोथिंबीर वड्यांची ताटली एका हाताने सांभाळत, दुसरा हात कठड्यावर ठेवून स्वयंपाकघरातून निघाल्या. पाहुण्यांपैकी एकाने आपली बॅग भिंतीशी ठेवली होती, काळ्या पट्टीच्या आत. रुचिरा उठायच्या आत धवलचा आवाज चढला.

"ए, ती बॅग उचल! तो आईचा रस्ता आहे."

बॅग उचलली गेली. शुभाताई थांबल्याच नव्हत्या. तशाच पुढे आल्या आणि मघाशी ऐकलेल्या रुचिराच्या आवाजाचा अंदाज घेत ताटली तिच्यासमोर धरली. "गरम आहेत तोवर खा," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या त्या भाऊरावांना कुठे बसवलंयस? त्यांनाही द्यायच्यात."