मंगलाबाईंची ताकातली मिरची

गावात कोणाची सून किती खपते आणि कोणाची सासू किती सोसते, याचा हिशेब मंगलाबाईंना तोंडपाठ. स्वतःच्या घरावर मात्र त्यांची नजर जरा उशिराच पडे.

सून खुशबूला सातवा महिना लागला आणि बीपी वाढलं. लाखांदूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. बजावलं, “पोटभर जेवा. डाळ, भाजी, अंडी, दूध. मीठ बेतानं. लोणचं, पापड, खारवलेलं काही नको.” मंगलाबाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन मिठाचा डबाच माळ्यावर टाकला. सांगितलं चिमूटभर की करायचं पसाभर, ही त्यांची जुनीच खोड.

अळणी वरणानं घर बेजार झालं. यजमान बाबुलाल नेमकी जेवणाच्या वेळी धानाच्या बांधीत कामं काढू लागले. मुलगा प्रफुल्ल स्टँडवर आलूबोंडे हाणून यायचा आणि “भूक नाही” म्हणायचा. खुशबू पळणार कुठं? दोन घास चिवडून ताट सरकवायची.

मंगलाबाईंना ते बघवेना. दर उन्हाळ्यात त्या खारट ताकात मिरच्या मुरवून वाळवत. त्यातली एक तळून त्यांनी हळूच सुनेच्या ताटात ठेवली. मग दोन, मग मूठभर. मिरची ती मिरची, तिला मीठ कोण म्हणतं!

पुढच्या तपासणीत बीपी आणखी चढलेलं. “आठवडाभरात उतरलं नाही तर भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती व्हावं लागेल. बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत मंगलाबाईंना गुन्हेगार सापडला. शेजारीण.

“त्या उषाचंच काम हे! लोणचं आणून आणून देते तुले.”

“काकूचं लोणचं मी बाबांच्या ताटात टाकते, आई.”

“मंग कशानं चढून राहिलं?”

खुशबूनं खिडकीकडे तोंड केलं. “मिरचीनं.”

“कोणाच्या?”

“तुमच्या.”

वाहकानं वळून पाहिलं.

“सांगितलं काहून नाही मंग?” मंगलाबाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

“तुमी इतक्या मायेनं वाढता. आन् तिच्याबिगर ते वरण घशाखाली उतरते का?”

संध्याकाळी मिठाचा डबा खाली उतरला. वरणात बेताचं मीठ, वर लिंबू. अंबाडीची आंबट भाजी, लसणाची फोडणी, उकडलेलं अंडं. खुशबूनं मागून भात घेतला. बापलेक वास काढत वेळेवर हजर.

मिरच्यांची बरणी घरात असली की आपला हात काही राहायचा नाही, हे मंगलाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी ती उचलून उषाबाईंच्या ओट्यावर ठेवली.

“तू आन् मिरच्या देऊन राहिली? तब्येत बरी आहे ना, मंगला?”

“घे मुकाट्यानं. बारशाले बरणी परत आण. आन् रिकामी आणू नको.”

आठवड्यानं बीपी उतरलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. “भरती नको. गोळ्या मात्र सोडू नका, तपासणी चुकवू नका. जेवणात काय बदललं?”

“सासू,” खुशबू म्हणाली.

घरी पोहोचतात तो उषाबाई दारातच. “मंगला, मिरच्या अशा चवदार झाल्या का, पाय बरं, बरणी अर्धी झाली!”

“सुनेचं बीपी उतरलं,” मंगलाबाई समाधानानं म्हणाल्या. “आता तुझं तपासून घे.”