चिंध्यांचा टायर

आमच्या भूमच्या बाजूला सायकलच्या टायरात हवा भरणं म्हंजे शुद्ध येडेपणा. सगळ्या वाटा सराट्यानं भरलेल्या. सराट्याचं बोंड कसंबी पडू द्या, एक काटा वर राहणारच. नवी ट्यूब घालून निघालेला माणूस वेशीपासून सायकल खांद्यावर घिऊन माघारी येतो. म्हणून म्या माझ्या दुकानातल्या भाड्याच्या सायकलींच्या ट्यूबाच काढून टाकल्या आणि टायरात चिंध्या भरायला लागलो. जुनी लुगडी, फाटकी धोतरं, पोत्याचे तुकडे, समदं ओलं करून लाकडी दांड्यानं ठासायचं. वाळलं की टायर दगडावानी. बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची, पण पंक्चर म्हणून व्हायचं न्हाय. ‘बलभीम मिस्त्रीचा टायर’ म्हणून पार परांड्यापर्यंत नाव हुतं. त्या नावाचा मला लई ताठा हुता, आजबी हाय. खोटं कशाला बोलू?

ही गोष्ट आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या सालची. बार्शीला सर्कस आली हुती. मी आणि माझी बायको कमल बघून आलो. वाघ-सिंव्ह सोडा, माझा जीव अडकला तो एका चाकाच्या सायकलीत. एक बाई एका चाकावर बसून हात सोडून फिरत हुती आणि लोक टाळ्या पिटत हुते. म्या म्हणलं, ह्यात काय हाय? एक चाक, एक सीट, दोन पायडल. हे तर माझ्या हातचं काम!

चाक निवडलं अठ्ठावीस इंची, घरातलं सगळ्यांत मोठं. लोकांना लांबून दिसलं पाहिजे, असा माझा हिशोब. सायकलचं पुढचं चाक धरणारा चिमटा घेतला, त्याच्या डोक्यावर सीट बसवली. खाजामियाँ लोहाराकडून पायडलाचा दांडा चाकाच्या मधोमध पक्का जोडून घेतला. पाय फिरला की चाक फिरलं, पाय थांबला की चाक थांबलं, मधे सुटका न्हाय. आणि बाजारादिवशी, भर गर्दीत, वर चढलो.

तीन हात गेलो असंल. मग तोंडावर आपटलो. ओठ फाटला, पुढचा दात अर्धा गेला. खाजामियाँ भात्यावरनं ओरडला, “बलभीमभाऊ, दुसरं चाक घरी विसरला का?” आख्खा बाजार हासला. भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हासल्या. आणखी दोनदा चढलो, दोनदा पडलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या हासणाऱ्यांत एकटा उत्तरेश्वर हासला न्हवता. माझ्या दुकानासमोरच्या आडतीवर तो पोती शिवायचा. लहानपणीच्या तापानं डावा पाय चार बोटं आखूड राहिलेला. चालताना आख्खं अंग डावीकडं पडायचं. गाव त्याला लंगड्या म्हणायचं, मीबी म्हणायचो. तो चाक उचलून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “मिस्त्री, चाक लई मोठं घेतलंत.”

“तू शिकव आता मला.”

“शिकवत न्हाय. पण बगा, मोठं चाक एका फेऱ्याला लई जमीन मागतं. जोर लागतो. माझ्यासारख्याचा एक पाय जोर देतो आणि दुसरा निस्ता सोबत करतो. बारकं चाक दोघांचंबी ऐकंल.”

माझ्या दुकानात निजामाच्या वेळच्या अमीनसाहेबाच्या, म्हंजे फौजदाराच्या, पोराची मोडकी सायकल पडून हुती. वीस इंची चाक. त्यानं तेच मागितलं. म्या म्हणलं, घे, पड, आणि मलाबी जरा हासू दे. लोकं माझं विसरतील, ह्याच्यावर हासतील, असंच माझ्या मनात हुतं. पयल्यासारखाच चिमटा, सीट, दांडा जोडला आणि डाव्या पायडलावर त्यानं सांगितलं तसा चार बोटांचा लाकडी ठोकळा ठोकून दिला. टायर अर्थातच माझा, चिंध्यांचा.

तो रोज सकाळी कामाच्या आधी देवळामागच्या मुरमाड पटांगणात जायचा. महिनाभर निस्ता पडला. कोपरं सोलली, गुडघे सोलले. मी मजेत हुतो. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी बगतो तर काय, गडी आख्ख्या पटांगणाला फेरी मारून आला! आणि चाकावर त्याचं अंग डावीकडं पडत न्हवतं. जमिनीवर लंगडणारा माणूस चाकावर सरळ बसला हुता, मान ताठ, हात पसरलेले. त्याची आई मथुराबाई देवळाच्या पायरीवर बसून रडत हुती.

कमलबी पाणी घिऊन तिथनं चालली हुती. घागर घिऊन तशीच उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, “अहो, तुमाला दोन पाय सारखे असून जमलं न्हाय बगा. त्यानं करून दावलं.”

तिनं ते काय टोचायला म्हणलं न्हवतं. कौतुकानं म्हणली. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाक माझं, दांडा माझ्या डोक्यातला, टायर माझ्या हातचा, आणि नाव त्या लंगड्याचं! बाजारात लोक त्याला बगायला थांबायचे. कोण त्याला लंगड्या म्हणंना झालं. उत्तरेश्वर, उत्तरेश्वर. आणि माझ्या अर्ध्या दाताकडं बगून अजून हासायचे.

मग सर्कस फिरून पुन्हा बार्शीला आली आणि एका बाजारी तिचा मॅनेजर भूमला आला, भिंतींवर कागद चिकटवायला. त्यानं उत्तरेश्वरला बघितलं. तिथंच त्याला म्हणाला, “परवा दुपारी बार्शीला ये. आमच्या रिंगणात न पडता बारा फेऱ्या मार. मारल्यास तर नोकरी पक्की. पगार, जेवण, कपडे, आणि आमच्यासंगं मुलूखभर हिंडायचं. गेल्या महिन्यात आमची बाई सोडून गेली, मला माणूस पाहिजेच हाय.”

उत्तरेश्वर आईला सांगायला पळाला. अक्षरशः पळाला, लंगडत. मॅनेजर माझ्या दुकानात येऊन टेकला. कमलनं च्या आणला आणि ऐकत तिथंच थांबली. त्यानं चाकाचा टायर अंगठ्यानं दाबून बघितला आणि मान हलवली.

“मिस्त्री, हे इथल्या मुरमावर ठीक. आमच्या रिंगणात वाळू आणि लाकडाचा भुसा असतो, घोट्याएवढा. असला कडक टायर त्यात सुरीसारखा रुततो. जाड टायर टाका, आत ट्यूब, आणि हवा कमी. मऊ पाहिजे. त्याला सांगा तेवढं. चाक मऊ असलं तर पोरगं बारा काय, पन्नास फेऱ्या मारंल.”

“सांगतो की,” म्या म्हणलं.

संध्याकाळी उत्तरेश्वर आला. डोळे लाल, हासू मावत न्हवतं. संगं आईचं एक जुनं हिरवं लुगडं घिऊन आला हुता. “मिस्त्री, मॅनेजर काय म्हणला चाकाचं?”

माझ्या मागं फळीवर जाड टायर हुता. ट्यूबबी हुती, खोक्यात, कोरी. हात लांबवायचा अवकाश. आडतीवरची पोती सुटली असती त्याची. आईला चार सुखाचे घास मिळाले असते. हे सगळं मला दिसत हुतं, मी काय आंधळा न्हाय.

म्या म्हणलं, “टायर नवा भर म्हणला. पयल्यापेक्षा कडक.”

“मग हे लुगडं घ्या. आई म्हणती, माझ्या लुगड्यावर बसून गेलास तर पडायचा न्हाईस.”

म्या त्याच्यादेखत ते लुगडं फाडलं, भिजवलं आणि ठासलं. तो दांडा धरून मदत करत हुता. मधेच म्हणाला, “तुमचे उपकार जलमभर फिटायचे न्हाईत मिस्त्री.” मी ठासत राहिलो.

परवा दिवशी मीबी त्याच्यासंगं बार्शीला गेलो. का गेलो? बगायला. दुसरं काय.

दुपारची येळ. तंबूत खुर्च्या रिकाम्या. रिंगणाच्या कडेला झाडूवाले, घोड्याची माणसं, दोन विदूषक रंग न लावलेल्या तोंडानं बिड्या ओढत बसलेले. उत्तरेश्वरनं वाळूला हात लावून कपाळाला लावला आणि चढला. चाक अर्धा फेरा गेलं आणि जागच्या जागी रुतलं. तो पुढं फेकला गेला. तोंडात भुसा.

उठला. हासला. म्हणाला, “जागा नवी हाय, साहेब.”

दुसऱ्यांदा चढला, दोन हात गेला, पाठीवर पडला. तिसऱ्यांदा चढायच्या आधीच चाक आडवं झालं. विदूषक हासायला लागले. घोडेवाले हासायला लागले. चौथ्यांदा तो आखूड पाय वर करून असा काय आपटला, की एक झाडूवाला पोट धरून खालीच बसला. उत्तरेश्वरचा चेहरा पांढरा पडला हुता. तो माझ्याकडं बगत हुता, बुडणारा माणूस काठाकडं बगतो तसा. म्या हातानं खूण केली, चढ, चढ. तो चढला. नऊ वेळा चढला, नऊ वेळा पडला.

मॅनेजर उठून रिंगणात आला. वाकून टायर अंगठ्यानं दाबला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं, चांगलं निरखून. त्याला सगळं कळलं. मला वाटलं, आता बोलतो आणि इथंच माझी शोभा करतो.

त्यानं मागं वळून हासणाऱ्या माणसांकडं बघितलं. मग उत्तरेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला. “गड्या, बाईची जागा तुला जमायची न्हाय. पण तू पडतोस झकास. विदूषकांत घेतो. रोज दोन खेळ, एका खेळात नऊ वेळा पडायचं. पगार तोच.”

उत्तरेश्वरनं अंगावरचा भुसा झटकला. मग माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, “मिस्त्री, खरं सांगा. टायर बरोबर हुता ना?”

“टायरात खोट निघाली तर हात कापून दीन.”

“मग माझ्याच पायात खोट,” तो म्हणाला. त्यानं कागदावर अंगठा दिला.

निघताना मॅनेजरनं मला तंबूच्या दोरीपाशी गाठलं. “तुमी काय केलं ते मला ठाऊक हाय,” तो म्हणाला, “पण झालं ते बरंच झालं. तो टायर तसाच राहू दे. झिजला की तुमच्याकडंच पाठवीन. इतका कडक आमच्यात कुणाला भरता येत न्हाय.”

घरी आलो. कमलनं ताट वाढलं आणि विचारलं, “ट्यूब घातली हुती ना?” मी भाकरी मोडली. तिनं पुन्हा विचारलं. मी कालवणात घास बुडवला. ती फळीपाशी गेली, खोक्यातली ट्यूब काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, “देवानं त्याचा एक पाय आखूड केला. दुसरा तुमी केला.” त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलती.

मथुराबाई मातर दिवाळीला दुरड्या भरून कानवले घिऊन आली. माझ्या पाया पडली. वयानं माझ्या आईएवढी बाई. “बलभीमबाबा, तुमच्यामुळं लेक नोकरीला लागला,” म्हणाली. मी पाय मागं घेतले न्हाईत.

दुसऱ्या साली पावसाळ्यात सर्कस बंद असताना उत्तरेश्वर गावी आला. चाक संगं हुतं. कपाळावर खोक, एक मनगट वाकडं बसलेलं. लोकांनी त्याला बाजारात पडून दाखव म्हणून गराडा घातला. त्यानं दोनदा पडून दाखवलं. लोक खूश झाले. मग तो माझ्या दुकानात येऊन बसला. कमल दारात तांदूळ निवडत हुती.

“मिस्त्री, टायर झिजला. नवा भरा.”

“तिकडं कुणी भरून देत न्हाय?”

“देत्याल. पण मला तुमच्याच हातचा पाहिजे.” तो इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाला, “खेळ सुटला की रिकाम्या रिंगणात मी एकटाच चढतो. रोज. आता दीड फेरी जाती. एक ना एक दिवस बारा मारीन आणि मालकाला बोलवून दावीन. पाय काय, शिकवला की शिकतो. टायर निस्ता कडक पाहिजे. कडक भरा.”

तांदळावरचा कमलचा हात थांबला. ती माझ्याकडं बगत हुती. तोंड उघडलं असतं तर चार शब्द पुरे हुते, आणि जाड टायर अजून त्याच फळीवर हुता. पण ते चार शब्द म्हणले की मग पुढं काय? ह्याच्या नऊ-नऊ वेळा पडण्याचं, त्या मनगटाचं, त्या खोकेचं उत्तर मला द्यावं लागलं असतं. ते द्यायची माझी छाती न्हवती.

म्या चिंध्या भिजवल्या आणि ठासायला बसलो. उत्तरेश्वरनं दुसऱ्या बाजूनं दांडा धरला.

“अजून,” तो म्हणाला. “अजून घट्ट, मिस्त्री.”