इन्स्पेक्टर येणार म्हणून

पद्मजाबाईंनी छत्तीस वर्षं शाळेत काढली, त्यातली बारा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. एवढ्या काळात त्यांना धास्ती वाटली ती एकाच माणसाची, इन्स्पेक्टरची. तो येणार म्हटलं की आदल्या दिवशी भिंतींना चुना फासायचा, मोडके बाक अडगळीत ढकलायचे आणि हुशार पोरं पहिल्या रांगेत बसवायची. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ही खोड काही गेली नव्हती. ती त्यांच्यासोबत विमानात बसून थेट द हेगला, लेकाच्या घरी पोचली.

लेक अंबरीश आणि सून अमृता राहायचे ते घर सव्वाशे वर्षांपूर्वी कामगारांसाठी बांधलेल्या वस्तीतलं. पुढून ट्रॅम जायची, खिडकीत फुलं होती, सगळं कसं कॅलेंडरवरच्यासारखं. मागच्या खोलीत मात्र अख्ख्या भिंतीला काळी बुरशी. तिथे आठ वर्षांची संहिता झोपायची आणि खोकायची. घरमालक म्हणायचा, तुम्ही लोक फार शिजवता, कपडे घरात वाळवता, तेव्हा बुरशी तुमचीच. शेवटी अमृताने खेमेन्तेकडे, म्हणजे तिथल्या महापालिकेकडे, तक्रार केली. त्यांच्या इन्स्पेक्टरने दोष लिहिला तरच मालकाला दुरुस्ती करावी लागणार होती. पाच आठवडे वाट पाहिल्यावर तारीख मिळाली, बुधवारी दुपारी चारची.

अमृताने सासूबाईंना हे सगळं दोनदा समजावून सांगितलं. बाई काही मूर्ख नव्हत्या. पण सवयीचा हात डोक्याला विचारायला थांबत नाही. इन्स्पेक्टर येणार, एवढंच त्यांनी मनावर घेतलं.

बुधवारी नवरा-बायको ऑफिसला गेले आणि बाईंनी पदर खोचला. शाळेला सुट्टी असलेल्या नातीला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढऱ्या रंगाचा डबा आणला. बुरशी खसाखसा घासली, तरी काळेपणा जाईना, तेव्हा वर रंगाचे दोन हात मारले. अमृताने संहिताचा पलंग भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध ओढून ठेवला होता. तो बाईंना फारच बेशिस्त वाटला. त्यांनी तो सरकवून नीट भिंतीला लावला आणि वर इस्त्रीची चादर घातली.

"आजी, आई सेड डोन्ट टच इट," संहिता म्हणाली.

"आईला काय कळतंय त्यातलं? तू ब्रश धर."

चार वाजता अंबरीश आणि अमृता धावतपळत आले. इन्स्पेक्टर दारातच भेटला. एवढा उंच, की चौकटीखाली वाकून आत आला. अमृताने मोठ्या आशेने मागच्या खोलीचं दार उघडलं, आणि पांढरीशुभ्र भिंत पाहून ती उंबऱ्यातच थबकली. बाई मात्र हात जोडून, प्रसन्न चेहऱ्याने उभ्या होत्या.

इन्स्पेक्टरने वास घेतला. "ताजा रंग," तो इंग्रजीत म्हणाला. "मालकाने मारला? असं करतात कधीकधी. तसं असेल तर सांगा, लिहितो."

अंबरीशने आधी आईकडे पाहिलं, मग छताकडे. 'हो' म्हणायचा मोह त्याला झाला, त्याच्या बायकोला तर त्याहून जास्त.

"नो, आजी डिड इट," संहिता अभिमानाने म्हणाली. "आय हेल्प्ड."

इन्स्पेक्टरने ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावून पाहिलं आणि मान हलवली. ओल्या रंगावर या यंत्राचा भरवसा नाही, भिंत सुकल्यावर परत यावं लागेल, आणि पुढची तारीख आठ आठवड्यांनंतरची. अंबरीशने आईला ते मराठीत सांगितलं. त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

"मुलगी झोपते कुठे?" इन्स्पेक्टरने जाता जाता विचारलं.

संहिता उडी मारून पलंगावर बसली आणि खोकायला लागली. तिची उशी भिंतीला टेकलेली होती. ती तिथे कोणी ठेवली, हे बाईंना चांगलंच ठाऊक होतं. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि उलथणं घेऊन आल्या. पलंग एका धक्क्यात बाजूला केला आणि भिंत खरवडायला लागल्या. अर्धवट सुकलेला रंग सोलून निघाला, त्याखाली बुरशी निघाली, मग प्लास्टरचा पोपडाच हातात आला. आतली वीट ओलीचिंब होती.

"आई, पुरे आता," अंबरीश म्हणाला.

"पुरे काय? कपाटामागे याहून वाईट आहे. ये म्हणावं इकडे."

इन्स्पेक्टर मुकाट्याने त्यांच्यामागून फिरत फोटो काढू लागला. उघड्या विटेवर त्याने यंत्र पुन्हा लावलं, मग खिडकीतून वाकून वर पाहिलं. छपराचं पाणी वाहून नेणारा पाइप फुटून भिंतीत गळत होता. "हे काही स्वयंपाकाने होत नाही," तो म्हणाला. "मालकाला सहा आठवड्यांत दुरुस्त करावं लागेल." अमृता पलंगावर बसली आणि हसता हसता रडायला लागली.

शेवटच्या फोटोसाठी त्याने बाईंना जरा बाजूला व्हायला सांगितलं.

"नाही म्हणावं," बाई म्हणाल्या. "झाकलं मीच होतं. तेही दिसू दे."

अंबरीशने भीतभीतच भाषांतर केलं. इन्स्पेक्टरने क्षणभर विचार केला आणि फोटो काढला. तिथल्या सरकारी फाइलीत तो अजून असेल. काळी भिंत, शेजारी नाकाला रंग लागलेल्या पद्मजाबाई. केस सारखे न करता त्यांनी काढू दिलेला हा आयुष्यातला पहिला फोटो.