न सुटणारा कण

केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा सोन्याचा एक कण पाण्यात, प्रकाशकिरणाच्या चिमटीत, चाळीस मिनिटे धरून ठेवला असा माझ्या धाकट्या दिरांचा दावा होता. शोधनिबंध संध्याकाळी नियतकालिकाच्या संपादकांकडे जायचा होता आणि त्यावर दुसरे नाव माझे होते. त्यांनी चित्रफिती पाठवल्या, त्यांवरून पकडीच्या जोराचे गणित मी केले. विश्वासाने केले; विद्वानांत आळसाला हे सभ्य नाव आहे.

खटकले ते कणाचे सौजन्य. पाण्याचे रेणू चहूकडून ढकलत असताना त्याने थरथरायला हवे. हा मात्र सभेच्या अध्यक्षासारखा ढिम्म बसून होता. थरथर कमी म्हणजे पकड घट्ट, असे माझे गणित सांगत होते. कण पाण्याखालच्या काचेलाच चिकटला असेल, ही शक्यता मी गणितात धरलीच नव्हती.

दुपारी मी प्रयोगशाळेत गेले.

"वहिनी, तुम्ही कशाला पायपीट केलीत? सगळं झालंय की!"

"भावोजी, किरण बंद करून दाखवा."

"बंद केला की जुळणी बिघडते. आठवडा जातो माझा."

"मग राहू द्या चालू."

पडद्यावर ठिपका चमकत होता, पण तो वेगळ्या दिव्याच्या उजेडात. पकडणारा किरण डोळ्यांना दिसत नाही. मी पर्समधले जाड कार्ड काढून त्या किरणाच्या वाटेत आडवे धरले. सुटलेला कण पापणी लवायच्या आत भरकटायला हवा होता. मी शंभर आकडे मोजले. ठिपका जागचा हलला नाही.

"बघा, काय पकड आहे!" दीर हसले. मी हसले नाही, तसा त्यांचा आवाज उतरला. "घरातल्या माणसाची अशी उलटतपासणी करतं का कुणी? दादा काय म्हणेल?"

"दादाला यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं. कधीपासून ठाऊक आहे?"

ते टेबलावरच्या एका स्क्रूशी चाळा करत राहिले. "तिसऱ्या चित्रफितीपासून." मग घाईघाईने म्हणाले, "तुमचं नाव काढतो, मग तर झालं? आकडे तेवढे राहू देत, वहिनी. किती सुंदर आलेत!"

मी कार्ड हलवले नाही. दुसऱ्या हाताने फोन काढला. कार्ड आणि पडदा एकाच चौकटीत घेतले आणि चित्रीकरण सुरू केले.

"कुणाला पाठवताय?"

"संपादकांना. जरा बाजूला सरका, भावोजी. मध्ये येताय."